बटाटा बेण्याची गोणी: मंचरच्या बाजारातला माल पारखताना

पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या बाजार आवारात बटाटा बेण्याचे ट्रक लागले की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. माल कुठला आणि भाव काय. गोणीत नग किती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बेणं किलोवर विकलं जातं, लागवड मात्र नगावर होते. या एका फरकात किती पैसे जातात याचा हिशेब बहुतेक वेळा शेतात नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, दिसायला लागल्यावर होतो.

हे परीक्षण पंजाबातून, मुख्यतः जालंधर पट्ट्यातून येणाऱ्या ५० किलोच्या गोणीचं आहे. आंबेगाव, खेड, जुन्नरमध्ये खरिपाला आणि रब्बीला हीच गोणी फुटते. कुणा एका व्यापाऱ्याची किंवा कंपनीची गोणी इथे डोळ्यापुढे नाही.

आधी हिशेब. दोन ओळींत ६० सेंमी आणि दोन बेण्यांत २० सेंमी धरलं तर एकरात सुमारे ३३,७०० नग लागतात. नग ३० ग्रॅमचा असेल तर १० क्विंटल, म्हणजे २० गोण्या. नग ४५ ग्रॅमचा निघाला तर १५ क्विंटल, ३० गोण्या. आता समजा ३० ग्रॅमचा निवडलेला माल ३,००० रुपये क्विंटल आणि ४५ ग्रॅमचा सरमिसळ माल २,५०० रुपये क्विंटल आहे. महाग मालाचे एकरी ३०,००० होतात, स्वस्त मालाचे ३७,५००. भाव दर वर्षी बदलतात, गुणोत्तर तेच राहतं. शिवाय १० गोण्यांची हमाली आणि गाडीभाडं वेगळं. ४५ ग्रॅमच्या नगाला थोडी जास्त खोडं येतात, रोप जोमदार निघतं, हे खरं. पण त्या जोमासाठी साडेसात हजार मोजायला आम्ही तयार नाही.

"मग कापून लावू" हा पुढचा विचार. ४५ ग्रॅमचा नग कापला की फोड २२ ग्रॅमची होते आणि तिच्यात कोंबाला पोसायला पुरेसं पीठ उरत नाही. म्हणून मधला आकार सगळ्यात अडचणीचा: अख्खा लावावा तर महाग, कापावा तर अशक्त. एक तर २५ ते ४० ग्रॅमचा अख्खा नग घ्यावा, नाहीतर ६० ग्रॅमच्या वरचा कापायचा. लागवड यंत्राने करणार असाल तर सरमिसळ आकाराकडे बघूही नका. पट्ट्यावरच्या वाटीत लहान नग दोन-दोन बसतात, मोठा बसतच नाही. मग सरीत एकीकडे दाटी आणि दुसरीकडे मोकळी जागा.

सौदा करण्यापूर्वी एक गोणी पालथी करायला सांगा. थप्पीच्या वरची नको, आतली. ट्रक दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर ताडपत्रीखाली तापत आलेला असतो आणि मधल्या थराला सगळ्यात कमी हवा लागते. तिथे बटाट्याचं काळीज काळं पडतं. वरून नग टणक, साल स्वच्छ, आणि उभा चिरला की मधोमध काळा डाग. असं बेणं उगवतही नाही आणि मातीत सडून शेजारच्याला बाधतं.

पालथ्या गोणीतले १०० नग मोजून वजन करा. सरासरी तिथल्या तिथे कळते. त्याच ढिगातले १० नग, शक्यतो मोठे, उभे चिरा. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट थेंब आला, तर तो बांगडी रोग. खात्री करायची असेल तर त्या कड्याची चकती स्वच्छ पाण्याच्या ग्लासात न हलवता धरा. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरताना दिसतात. एका नगात जरी हे दिसलं तरी तो माल घेऊ नये, भाव कितीही पडलेला असो. बांगडीचे जिवाणू जमिनीत राहतात आणि पुढे टोमॅटो, वांगी, मिरचीलाही मर लावतात. या बाबतीत तडजोड सुचवणाऱ्या माणसाचं ऐकू नये, तो नातेवाईक असला तरी.

सालीवर मातीसारखे काळे खडे दिसतात. ओल्या फडक्याने पुसून निघाले तर माती, नाही निघाले तर काळी खपली हा बुरशीचा रोग. ती थोडी असेल तर बेणेप्रक्रियेने आवरते. डोळ्यापाशी काळसर भुशासारखी विष्ठा आणि बारीक भोक असेल तर आत पाकोळीची, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या पतंगाची, अळी आहे. शीतगृहातून थेट आलेल्या मालात ती क्वचित दिसते. आरणीत, म्हणजे झाकलेल्या ढिगात, ठेवलेल्या स्थानिक बटाट्यात मात्र नेहमीची. वास हीसुद्धा चाचणी आहे: गोणीचं तोंड सोडल्यावर आंबूस, कुजका दर्प आला तर ओली सड सुरू झाली आहे आणि घरी पोचेपर्यंत ती दुप्पट होईल.

माल पंजाबातलाच का, याचं कारण मावा ही रस शोषणारी कीड. पानं गुंडाळणारा आणि पानांवर चट्टेपट्टे आणणारा विषाणू माव्यामार्फत पसरतो. एकदा तो नगात शिरला की त्या नगापासून निघालेली सगळी झाडं रोगी निघतात. आपल्याकडे पीक वाढीला असताना माव्यापासून मोकळा असा लांब काळ मिळत नाही, म्हणून घरचं बेणं दोन-तीन हंगामांत उतरतं. झाड खुजं राहतं, पोसवण कमी होते. उत्तरेच्या मैदानात हा मोकळा काळ सापडतो. बटाटा शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी साठच्या दशकात पुढे आणलेली बीजप्लॉटची पद्धत त्यावरच उभी आहे: ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड, १०० संयुक्त पानांवर २० मावे होण्याआधी, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पाला कापून टाकायचा, साल पक्की व्हायला नग १५-२० दिवस जमिनीतच ठेवायचे आणि मग काढणी.

इथे खरी मेख आहे. पंजाबातून येणारा प्रत्येक बटाटा असा पिकवलेला नसतो. खाण्यासाठी लावलेल्या प्लॉटमधला, पाला न कापलेला लहान माल वेगळा काढून तोही त्याच ट्रकमधून, त्याच गावाच्या नावाने येऊ शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि विषाणू चिरल्यावरही सापडत नाही. म्हणून लेबल बघायचं. गोणीच्या शिवणीत अडकवलेलं निळं लेबल म्हणजे प्रमाणित बेणं, पांढरं म्हणजे पायाभूत, हिरवं म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर 'सत्यप्रत' म्हणून विकलेलं. लेबल शिवणीतून आरपार गेलेलं हवं, नंतर सुतळीने बांधलेलं नको. लॉट नंबर वाचता यायला हवा आणि पावतीवर तोच नंबर लिहून घ्यायला हवा. उगवण फसली तर कृषी विभागाकडे तक्रार करताना पावती आणि लेबल या दोनच गोष्टी हातात असतात. नुसता गोणीवर छापलेला शीतगृहाचा शिक्का म्हणजे लेबल नव्हे. बाजारातल्या बऱ्याच गोण्यांवर तेवढाच असतो, आणि या बाबतीत या मालाला पाचपैकी दोनच गुण देता येतात.

'टिश्यूकल्चर बेणं' या शब्दालाही हल्ली भाव चढतो. प्रयोगशाळेतल्या रोपापासून जाळीघरात काढलेले बारीक कंद ही शून्य पिढी. ती शेतात वाढवत नेली की पहिली, दुसरी, तिसरी पिढी. शेतकऱ्याच्या हाती ५० किलोच्या गोणीतून येतं ते काही पिढ्या पुढचं असतं आणि त्यात वावगं काही नाही. पिढी कितवी, हे विचारल्यावर विक्रेत्याला सांगता आलं नाही तर जादा पैसे कशाचे, एवढं विचारून पुढे जावं.

वाणांबद्दल. पुखराज (कुफरी पुखराज, प्रसारण १९९८) ही बाजारातली सगळ्यात खपणारी गोणी आणि खाण्याच्या बटाट्यासाठी तिला पर्याय शोधायचं कारण दिसत नाही. नग लवकर पोसतो, गर पिवळसर, ७५-९० दिवसांत काढणी. पाणी जास्त धरतो, त्यामुळे वेफर्सला निरुपयोगी आणि आरणीत फार दिवस टिकत नाही. ज्योती (१९६८) जुनी, टिकायला बरी. करप्याला दाद न देणारी म्हणून तिचं नाव झालं होतं, ती प्रतिकारशक्ती आता उरलेली नाही. ज्योती लावून फवारणी वाचेल या हिशेबात कुणी राहू नये. उन्हाचा ताण सोसणारी म्हणून सूर्या (२००६) पावसाळी आणि लवकरच्या लागवडीला वापरून बघण्याजोगी आहे, पण गोणी सहज मिळत नाही. तीच गत १९७२च्या 'लवकर'ची. पठारी भागासाठी काढलेला, नावापासून मराठी असलेला वाण, आणि मंचरच्या बाजारात तो शोधावा लागतो.

वेफर्सच्या वाणांची गोणी हा वेगळाच व्यवहार. अटलांटिक, चिप्सोनासारखं बेणं बहुधा करारातून कंपनी देते आणि तोच माल ठरल्या भावाने परत घेते. गोणी चांगली प्रतवारी केलेली असते, आकार एकसारखा. अट मात्र शुष्क भागाची, म्हणजे पाणी सोडून उरणाऱ्या भागाची, असते, साधारण २० टक्क्यांच्या वर. नत्र उशिरा किंवा जास्त पडलं की तो घसरतो. पालाश म्युरेटऐवजी सल्फेटच्या रूपात दिलं तर सुधारतो. अटलांटिकचा नग फार मोठा होऊ दिला की आत पोकळी पडते. त्यामुळे इथे २० सेंमीपेक्षा जास्त अंतर देऊन 'मोठा बटाटा' काढायची हौस अंगाशी येते.

आता बेण्याच्या वयाविषयी, कारण याच कारणाने चांगली गोणीही वाया जाते. काढणीनंतर बटाटा सहा ते आठ आठवडे सुप्त असतो. फेब्रुवारी-मार्चात निघालेलं बेणं जूनमध्ये आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर लावलं तर सुप्तावस्था सरलेली असते, कोंब तरणे असतात. तेच बेणं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रब्बीला लावताना सात-आठ महिने शीतगृहात २ ते ४ अंशांवर राहिलेलं असतं. ते म्हातारं असतं. म्हाताऱ्या बेण्याला खोडं जास्त येतात, पीक लवकर येतं, नग संख्येने जास्त पण लहान. म्हणून रब्बीला ते नीट जागवलं तर चालतं, पण पांढरे दोऱ्यासारखे लांब कोंब किंवा कोंबांनाच मण्याएवढे बटाटे लागलेले दिसले तर त्या गोणीचं वय संपलं आहे. याच्या उलट चूकही होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात खरिपाचा निघालेला घरचा ताजा बटाटा लगेच रब्बीला लावायचा. तो सुप्त असतो, कुठे २० दिवसांनी उगवतो, कुठे ४० दिवसांनी, आणि खुरपणी, भर (बुडाला माती चढवणं), काढणी सगळ्याचा मेळ बिघडतो.

शीतगृहातून निघालेली गोणी थेट शेतावर नेऊन त्याच दिवशी लावणं ही सगळ्यात महागडी घाई. थंड नगाला गरम हवा लागली की त्याला घाम सुटतो, आणि ओल्या सालीवर सड बसते. आधी एक दिवस सावलीत, गोण्या उभ्या, तोंडं उघडी. मग हवेशीर शेडमध्ये नग एक किंवा दोन थरांत पसरायचे, उजेड यावा पण ऊन लागू नये. ८ ते १० दिवसांत डोळ्यांतून आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब फुटतात. अर्धा ते एक सेंमी पुरे. अंधारात ठेवलेल्या बेण्याचे कोंब लांब, पांढरे होतात आणि टोपलीत भरतानाच मोडतात. एकच शेंड्याचा कोंब फुटला असेल तर तो मोडून टाका. मग बाजूचे डोळे जागे होतात आणि ठोंबाला तीन ते पाच खोडं मिळतात. दर दोन दिवसांनी मऊ पडलेले नग वेचून बाहेर काढा. १०० किलोंतून दोन-तीन किलो निघाले तर ठीक. पाचाच्या वर गेले तर विक्रेत्याला फोटो पाठवून ठेवावेत.

बेणेप्रक्रिया कोंब लांबण्याआधी. १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, त्यात १० मिनिटं बुडवून सावलीत पूर्ण सुकवायचं. हातमोजे घालून. कोंब मोठे झाले असतील तर बुडवू नका, पसरलेल्या थरावर फवारा. अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरायचे असतील तर ते शेवटी, लागवडीच्या तोंडावर. जिवाणू आणि बुरशीनाशक एकाच टबात कालवलेले बऱ्याच ठिकाणी दिसतात, त्यात जिवाणूंच्या पाकिटाचे पैसे वाया जातात.

खरिपात कापलेलं बेणं लावू नये. पावसाच्या ओलीत उघडी फोड सडते, एवढं साधं कारण. रब्बीत कापायचं तर उभं कापावं, शेंड्याकडून बुडाकडे, म्हणजे शेंड्याचे जोमदार डोळे दोन्ही फोडींना वाटून येतात. आडवं कापलं की एक फोड आठ दिवस आधी उगवते आणि बुडाकडची मागे राहते. फोड ३० ग्रॅमच्या खाली नको आणि दोन डोळे हवेतच. सुऱ्या दोन ठेवाव्यात: एक हातात, एक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, आणि दर काही नगांनंतर अदलाबदल. बांगडी आणि काही विषाणू सुरीनेच गोणीभर पसरतात. कापलेल्या फोडी सावलीत, ओलसर गोणपाटाखाली दोन दिवस ठेवल्या की कापावर साल धरते. सकाळी कापून दुपारी लावलेली फोड आणि अशी सुकवलेली फोड यांच्या उगवणीत फरक पहिल्या पंधरवड्यातच दिसतो.

नांग्यांची किंमतही नगातच मोजावी. एकरी १० टन उत्पादन धरलं तर ३३,७०० ठोंबांना सरासरी ३०० ग्रॅम प्रत्येकी पडतात. १० टक्के नांग्या म्हणजे कागदावर एक टन. शेजारचे ठोंब मोकळ्या जागेचा थोडा फायदा घेतात, पण सगळी भरपाई होत नाही. बटाट्यात नांग्या भरण्याला अर्थ नसतो, मागून लावलेलं झाड सावलीत दबतं.

चांगल्या गोणीचंही मातीत नुकसान करता येतं. कोंबाला रासायनिक खत टेकलं की कोंब करपतो. खत बेण्याच्या पाच सेंमी खाली किंवा बाजूला हवं, मध्ये मातीचा थर. हेक्टरी १०० किलो नत्र, ६० स्फुरद, १२० पालाश ही आपल्याकडची नेहमीची शिफारस. स्फुरद, पालाश आणि निम्म्याहून जास्त नत्र लागवडीला, उरलेलं नत्र महिन्याभराने भर लावताना. लागवड वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, करावी आणि पहिलं पाणी हलकं द्यावं, वरंबा अर्ध्यापर्यंत भिजेल इतकंच. पाणी वरंब्याच्या डोक्यावर चढलं की बेणं गुदमरतं. २५ ते ३० दिवसांनी भर नीट लागली नाही तर नग उघडे पडून हिरवे होतात, पाकोळीलाही वाट मिळते. त्याचा दोष मात्र गोणीवर टाकू नये, आणि तो नेहमी टाकला जातो.

गुण द्यायचे तर लेबल असलेल्या, ३० ते ४० ग्रॅमच्या, एकसारख्या आकाराच्या पुखराजच्या गोणीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वाहतुकीतल्या उष्णतेसाठी कापला. लेबल नसलेल्या पण आकाराने चांगल्या गोणीला तीन, तेही खरिपासाठी आणि १० नग चिरून बघितल्यावर. सरमिसळ आकाराच्या, बिनलेबलच्या गोणीला दीड. शीतगृहाच्या दारातून त्याच दिवशी लागवडीला नेलेल्या कुठल्याही गोणीला आम्ही गुण देत नाही.

बेणं उरतंच, एकरी गोणी-दोन गोण्या. ते मॅन्कोझेबमध्ये बुडवलेलं असेल तर धुऊन घरात किंवा खानावळीला देऊ नये, जनावरांपुढेही टाकू नये. बांधावर ढीग घालून ठेवलं तर त्याला कोंब फुटून करप्याचं आणि पाकोळीचं घर तयार होतं, आणि ते आपल्याच प्लॉटला लागून असतं. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, दोन फूट खड्डा घेऊन पुरून टाकावं. लेबल आणि पावती तेवढी काढणीपर्यंत जपून ठेवावी.